इंजिनाखालची तोटी आणि काळ्या तेलाचा प्रवास

१/ आजचा धागा एका पितळी तोटीविषयी आहे. मोटारीच्या इंजिनाखाली तेलाचे एक भांडे असते. आपल्या गॅरेजांत त्याला ‘चेंबर’ म्हणतात. त्या चेंबरच्या तळाशी एक बोल्ट असतो. पान्याने तो काढायचा, काळे तेल खाली वाहू द्यायचे, बोल्ट पुन्हा आवळायचा आणि वरून नवे तेल ओतायचे. ऑइल बदलण्याची ही रीत गेल्या शंभर वर्षांत मुळातून बदललेली नाही. त्या बोल्टच्या जागी कायमची बसवायची, पान्याविना उघडणारी झडप म्हणजे ही तोटी.

२/ घरच्या घरी ऑइल बदलण्याची सवय ज्या देशांत रुजली आहे, तिथे या झडपेवरून दोन तट पडलेले आहेत. एक पक्ष सांगतो, काम चुटकीसरशी होते. दुसरा विचारतो, चालत्या गाडीत ती उघडली तर काय? माझे मत असे, की दोन्ही पक्ष दुय्यम प्रश्नावर भांडत आहेत. तेल काढणे हा या कामातला कठीण भाग कधीच नव्हता. काढलेले तेल पुढे कुठे जाते, हा होता. झडपेचा निवाडा त्या प्रश्नावर व्हायला हवा, आणि तिथे ती बोल्टपेक्षा सरस ठरते, मात्र एका अटीवर. ती अट इतिहासातून निघते, म्हणून आधी इतिहास.

३/ ‘ऑइल बदलणे’ ही कल्पनाच मोटारीपेक्षा थोडी तरुण आहे. आरंभीच्या अनेक मोटारींत तेल थेंबाथेंबाने यंत्रभागांवर सोडले जाई. त्यातले काही जळून जाई, उरलेले गळून रस्त्यावर पडे. जुने तेल साठतच नसे, मग बदलणार काय? एका अर्थाने रस्ता हाच त्या गाड्यांचा चेंबर होता.

४/ १९०८ साली फोर्डची मॉडेल टी आली आणि १९२७ पर्यंत दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिच्यात तेल साठून राही व फिरत्या भागांच्या फटकाऱ्याने इंजिनभर उडे. पण आज आपण सहज उपसून पाहतो ती डिपस्टिक तिला नव्हती. तेलाची पातळी पाहण्यासाठी फ्लायव्हीलच्या आवरणावर, खालच्या अंगाला, दोन लहान तोट्या बसवलेल्या असत, एक वर आणि एक खाली. गाडीखाली हात घालून त्या उघडायच्या. खालच्या तोटीतून तेल आले नाही तर तेल कमी, वरच्या तोटीतून वाहू लागले तर जास्त.

५/ म्हणजे इंजिनाच्या पोटाला हाताने उघडायची तोटी असणे ही काही नवी युक्ती नव्हे. जुने तेल काढायला मात्र तेव्हाही तळाचा बोल्टच होता. फोर्डची पुस्तिका गाडी नवी असताना चार-पाचशे मैलांनंतर आणि पुढे दर ७५० मैलांच्या सुमारास तेल बदलायला सांगे. तेलगाळणी नव्हती, तेलात मळ धरून ठेवणारी रसायने नव्हती, रस्ते धुळीचे होते. वर्षभरात हे काम किती वेळा करावे लागे, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

६/ हे काम करणारा माणूस कोण, हेही लक्षात घ्या. मॉडेल टीचा मालक बहुधा गावाकडचा, हाती पाना धरणारा. काढलेले तेल त्याला टाकाऊ वाटतच नसे. कच्च्या रस्त्यावरची धूळ बसवायला तेल शिंपडणे ही तेव्हाची सर्वमान्य रीत होती. कुंपणाच्या खांबाला, नांगराच्या फाळाला, अंगणातल्या धुळीला: काळ्या तेलाला जागा शोधावी लागत नसे.

७/ पुढची तीन-चार दशके मी भरभर ओलांडते. १९२३ च्या सुमारास अर्नेस्ट स्वीटलँड यांची तेलगाळणी आली. ‘प्युरोलेटर’ हे तिचे नाव. तेले सुधारली, दोन बदलांमधले अंतर वाढले. शहरी अमेरिकेत ऑइल बदलणे हे पेट्रोल पंपावरच्या माणसाचे काम झाले. तो पेट्रोल भरी, काच पुसी आणि बॉनेट उघडून तेलही पाही. जुने तेल त्याच्या पिंपात जाई. या काळात गाडीचा मालक आणि काळे तेल यांची गाठ जवळजवळ सुटली होती.

८/ ती गाठ पुन्हा बसली १९६० आणि ७० च्या दशकांत. १९६६ साली ब्रिटनमध्ये जॉन हेन्स यांच्या मोटार-दुरुस्तीच्या पुस्तिकांची मालिका सुरू झाली. १९६९ मध्ये अमेरिकेत जॉन म्यूर यांचे फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी हे सांगणारे पुस्तक आले. यंत्राची भीती बाळगणाऱ्या सामान्य माणसासाठी ते मुद्दाम लिहिलेले होते. त्या बीटलमध्ये जेमतेम अडीच लिटर तेल मावे. मग ऑक्टोबर १९७३ चा तेल-बहिष्कार आला. काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे तीन डॉलरच्या आसपासून बारा डॉलरच्या घरात गेला. पंपावरची फुकट सेवा आटत गेली. मालक स्वतःच गाडीखाली शिरू लागला.

९/ हा स्वावलंबनाचा इतिहास म्हणून सांगितला जातो आणि तसा तो आहेही. यंत्र उघडता येणे, त्याचे पोट समजणे यात एक स्वातंत्र्य असते आणि मला ते मोलाचे वाटते. मात्र त्याच इतिहासाचा एक कागद असा आहे, की तो वाचल्यावर हे कौतुक थोडे अडखळते.

१०/ ‘पॉप्युलर सायन्स’ या अमेरिकी मासिकाच्या जानेवारी १९६३ च्या अंकात वाचकांना एक घरगुती युक्ती सांगितलेली आहे. जमिनीत खड्डा खणा, त्यात बारीक खडी भरा आणि गाडीचे जुने तेल त्यात ओता. पुढच्या वेळेपर्यंत ते जमिनीत मुरलेले असेल. वरून माती टाका. बस्स. या पानाचे छायाचित्र आज समाजमाध्यमांवर ‘पूर्वीचे लोक किती अडाणी’ अशा थाटात फिरते.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थोडे थांबावे. हा कागद अडाणीपणाचा पुरावा नाही, व्यवस्थितपणाचा आहे. लिहिणारा माणूस गटारात तेल ओतायला सांगत नाही. घाण दिसू नये, वास येऊ नये, शेजाऱ्याला त्रास होऊ नये याची काळजी घेतो. त्याच्या दृष्टीने जमीन हे एक तळ नसलेले भांडे आहे. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ प्रसिद्ध होऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. जमिनीत मुरलेली गोष्ट विहिरीतून परत येते, हे सामान्य घरांच्या जाणिवेत उतरायला अजून अवकाश होता.

१२/ आणि त्या खड्ड्यात नुसते तेल नव्हते. तो शिसेयुक्त पेट्रोलचा काळ. ज्वलनातून आलेले शिसे तेलात उतरे, शिवाय झिजलेल्या धातूचे कण आणि काजळीतली घातक संयुगे असतच. तेल काळे होते ते उगाच नाही. इंजिनाने जे जे पोटात घेतले त्याची ती साठवण असते.

१३/ काळ्या तेलाच्या प्रवासाचा सर्वांत भीषण प्रसंग मिझूरी राज्यातल्या टाइम्स बीच या गावाचा आहे. १९२५ मध्ये सेंट लुइसच्या एका वृत्तपत्राने वर्गणीसोबत भूखंड विकून वसवलेले, मेरामेक नदीकाठचे हे गाव. रस्ते पक्के करायला पैसा नव्हता. १९७० च्या दशकात धूळ बसवण्यासाठी गावाने एका टाकाऊ तेलाच्या कंत्राटदाराकडून रस्त्यांवर तेल शिंपडून घेतले. म्हणजे मॉडेल टीच्या काळापासूनची, कुणालाही न खटकणारी रीत.

१४/ त्या कंत्राटदाराने व्हेरोना येथील एका रसायन कारखान्याचा गाळही उचललेला होता आणि तो त्याच्या तेलात मिसळला गेला होता. त्या गाळात डायॉक्सिन होते. १९७१ मध्येच त्याने तेल शिंपडलेल्या घोड्यांच्या एका रिंगणात घोडे मेले होते. तरी दुवा जुळायला वर्षे लागली. डिसेंबर १९८२ मध्ये नदीला पूर आला. फेब्रुवारी १९८३ मध्ये सरकारने अख्खे गाव विकत घेण्याची घोषणा केली. दोन हजारांवर लोकांची वस्ती उठली. १९८५ मध्ये गाव कागदोपत्रीही संपले. आज तिथे उद्यान आहे.

१५/ इथे काटेकोर राहायला हवे. टाइम्स बीच मोटारीच्या तेलाने मेले नाही, त्यात मिसळलेल्या विषाने मेले. पण ते विष गावात शिरू शकले, कारण काळ्या तेलाला ‘तू कुठून आलास’ असे विचारण्याची पद्धतच नव्हती. तेल हे वाहन झाले. आज तेल गोळा करणारी केंद्रे वापरलेल्या तेलात कूलंट, थिनर किंवा रॉकेल मिसळलेले असेल तर ते घ्यायला नकार देतात. त्या आडमुठेपणामागे हा असा इतिहास आहे.

१६/ कायदेही याच काळात आले. १९८० मध्ये अमेरिकी काँग्रेसने वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराचा कायदा केला. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियाने तेलाच्या विक्रीवर आकार बसवून, जुने तेल मान्यताप्राप्त केंद्रात परत आणणाऱ्याला मोबदला द्यायची योजना आखली. अमेरिकी पर्यावरण संस्था एक आकडा कायम सांगत आली आहे: एका ऑइल-बदलाचे तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे ३८ लाख लिटर गोडे पाणी नासवू शकते. प्रचाराचा आकडा ढोबळ असतो हे मान्य. तरी चार लिटर आणि ३८ लाख लिटर यांतले अंतर डोळ्यांपुढे आणायला तो पुरेसा आहे.

१७/ आता आपली तोटी. १९७० च्या दशकात जपानमधल्या फुमोतो या उत्पादकाने पितळेची झडप आणली. आत भोक पाडलेला एक गोळा, बाहेर एक लहान दांडी. दांडी पाव फेरा फिरवली की गोळ्याचे भोक नळीच्या रेषेत येते आणि तेल वाहू लागते. दांडी आपोआप फिरू नये म्हणून ती स्प्रिंगच्या दाबाने खाचेत बसते. आधी ती खाचेतून उचलायची, मगच फिरते. दुसऱ्या प्रकारच्या झडपेला टोपी असते. ती काढून नळीचा जोड बसवला की आतले झाकण मागे ढकलले जाते. जोड काढला की तेल बंद.

१८/ मोटारीपेक्षा हलक्या विमानांत अशी झडप अधिक रुळलेली आहे. चार आसनी पिस्टन विमानांच्या इंजिनाला, तेलगाळणी असेल तर, साधारण दर ५० उड्डाण-तासांनी नवे तेल लागते, आणि अनेकांच्या तळाशी नळी लावून उघडायची झडप असते. ‘चालताना उघडली तर’ ही भीती बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. झडप नीट बसवलेली, खाच शाबूत आणि जागा दगडधोंड्यांपासून सुरक्षित असेल तर ती आपण होऊन उघडण्याचे कारण नाही. तिसरी अट मात्र खरी आहे. झडप बोल्टपेक्षा खाली लोंबते. ज्या गाडीच्या चेंबरला गतिरोधक आधीच घासतो, तिला ही तोटी बसवू नये, एवढे स्पष्ट सांगते.

१९/ आता चुटकीसरशीचा दावा. तो मला पोकळ वाटतो. बोल्ट काढायला मिनिटभर पुरते. झडपेचे भोक बोल्टच्या भोकापेक्षा अरुंद असते, म्हणून तेल उलट हळू वाहते. शिवाय तेलगाळणी बदलायला हात काळे करावे लागतातच. ज्या गाडीची गाळणी खालून निघते, तिच्याखाली शिरणे काही चुकत नाही. वेळ वाचवायचा असता तर १९७० च्या दशकात युटातल्या ऑग्डेनमधून निघालेल्या जिफी ल्यूबसारख्या झटपट ऑइल-दुकानांनी तो प्रश्न केव्हाच सोडवला होता.

२०/ आट्यांचा मुद्दा अधिक सबळ आहे. अनेक आधुनिक चेंबर ॲल्युमिनियमचे असतात आणि बोल्ट पोलादी. दर वेळी काढून-आवळून, त्यातही कुणी अडाणी जोर लावला तर, मऊ धातूचे आटे जातात. झडप एकदाच आवळायची असते. तिच्यामुळे दर वेळी नवा वॉशर घालण्याची कटकटही मिटते.

२१/ पण काही गमावतेही. अनेक बोल्टांच्या टोकाला चुंबक असतो आणि त्यावर लोखंडाचा बारीक कीस जमतो. जाणता मिस्त्री तो बोटांत चोळून इंजिनाची प्रकृती सांगतो. इतिहासाच्या भाषेत बोलायचे तर तो एक अव्वल दर्जाचा अस्सल कागद आहे आणि झडप बसवणारा तो फाडून टाकतो. काही झडपांचे तोंड चेंबरच्या तळापेक्षा किंचित वर राहते आणि थोडे जुने तेल आतच उरते. ते प्रमाण नगण्य असले, तरी आहे.

२२/ ‘मग कंपन्याच अशी तोटी का देत नाहीत?’ यात कटकारस्थान शोधायची गरज नाही. बोल्ट स्वस्त आहे, गळत नाही, जागा घेत नाही. कारखान्याच्या दृष्टीने तो एकदाच आवळायचा असतो. पुढच्या पंधरा वर्षांत तो किती वेळा आणि कोण काढणार, हा हिशेब आरेखनाच्या टेबलावर दुबळा पडतो. १९९८ च्या पहिल्या स्मार्ट गाडीला तर तळाशी बोल्टच नव्हता. तेल डिपस्टिकच्या नळीतून वरून शोषून काढायचे. मालकाने गाडीखाली यायचेच नाही, असे गृहीत धरलेले यंत्र ते! अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ बाहेरचा भाग बसवला एवढ्याच कारणाने कंपनी हमी रद्द करू शकत नाही. आपल्याकडे हमीच्या मुदतीत असा बदल करण्याआधी हमीपत्र वाचलेले बरे.

२३/ तर झडपेचे खरे मोल कशात? त्या नळीत. बोल्ट निघाला की गरम तेलाची धार तिरकी उडते, वारा असेल तर ट्रेच्या बाहेर जाते, बोल्ट तेलात पडतो, ट्रे उचलताना हिंदकळतो, मग नरसाळ्याने ते डब्यात भरायचे. प्रत्येक पायरीवर थोडे तेल जमिनीला मिळते. झडपेला नळी जोडली आणि तिचे दुसरे टोक डब्यात सोडले, तर तेल इंजिनातून थेट डब्यात जाते. मध्ये जमीन येतच नाही. आरंभीच्या मोटारींपासून चालत आलेल्या सांडपाच्या इतिहासात ही एवढीशी नळी मला मोठी सुधारणा वाटते. विक्रेते तिची जाहिरात वेळ वाचवणारी म्हणून करतात, हे दुर्दैव.

२४/ म्हणूनच माझी अट: झडप घेण्याआधी डबा ठरवावा आणि डब्याआधी तो नेऊन द्यायची जागा ठरवावी. जागा ठरली नसेल तर झडप १९६३ चाच खड्डा अधिक सुबकपणे भरते. काम जितके सोपे, तितके ते अधिक घरांत होणार, आणि तितके चार-चार लिटरचे डबे जिन्याखाली साठणार. पंपावरच्या पिंपात निदान तेल एका ठिकाणी जमा होई. घरोघरच्या स्वावलंबनाने ते विखुरले, ही त्या स्वातंत्र्याची किंमत आहे आणि ती मालकानेच चुकवायला हवी.

२५/ आपल्याकडे बहुतेकांची गाडी गॅरेजातच जाते. तरी घरी ऑइल बदलणारे तरुण वाढत आहेत, विशेषतः दुचाकीवाले. आणि आपली ‘जळक्या ऑइल’ची परंपरा काही कमी समृद्ध नाही. दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून, स्लॅबच्या सेंटरिंगच्या पाट्यांना काँक्रीट चिकटू नये म्हणून, हे तेल सर्रास फासले जाते. कुणालाच ते वाया घालवल्यासारखे वाटत नाही, अगदी मॉडेल टीच्या मालकासारखेच. कायद्याच्या दृष्टीने मात्र वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. २०२३ मधल्या दुरुस्तीने, १ एप्रिल २०२४ पासून, वंगण बनवणाऱ्या व आणणाऱ्या कंपन्यांवरच त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी टाकली गेली आहे. घरी ऑइल बदलणाऱ्याने ज्या गॅरेजातून नोंदणीकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल उचलले जाते तिथे आपला डबा नेऊन द्यावा. तेल निखळ असावे, त्यात दुसरे काही मिसळू नये.

२६/ एक विनंती. घरात जुन्या गाडीची, स्कूटरची किंवा ट्रॅक्टरची मूळ पुस्तिका असेल, तर ऑइल बदलण्याचे पान काढून पाहा. काढलेल्या तेलाचे काय करावे याविषयी तिथे काही लिहिले आहे का, आणि पुस्तिका कोणत्या सालची आहे, एवढे खाली उत्तरात कळवा. पानाचे छायाचित्र दिलेत तर फारच उत्तम. पुरेशी पाने जमली तर पुढचा धागा त्यांच्यावरच लिहीन.